दाराजवळची बादली

आमच्या लीड्सच्या घरात दोन बादल्या होत्या. एक न्हाणीघरात, आणि दुसरी पुढच्या दाराच्या आत, लेटरबॉक्सच्या, म्हणजे दारातल्या पत्रं टाकायच्या फटीच्या शेजारी. ही दुसरी पत्र्याची होती आणि कायम पाण्याने भरलेली असायची. रोज सकाळी आई कालचं पाणी मागच्या मोरीत ओतून ती ताजी भरायची. आधी ती लेटरबॉक्सच्या बरोबर खाली ठेवली होती, पण पहिल्याच आठवड्यात गॅसचं बिल आणि नागपूरच्या मामाचं पत्र दोन्ही तिच्यात पडलं, म्हणून बाबांनी ती हातभर बाजूला सरकवली. बादली कशासाठी आहे हे कोणी मोठ्याने बोलत नसे. दोन गल्ल्या पलीकडे एका पंजाबी कुटुंबाच्या दाराच्या अशाच फटीतून कोणीतरी पेटती चिंधी आत टाकली होती. पायपुसणं जळलं, भिंत काळी पडली, माणसं वाचली. त्यानंतर आपल्या लोकांच्या बऱ्याच घरांत दाराजवळ अशी एक बादली आली.

त्या घराचे आवाज मला आजही ओळखता येतात. सातला दूधवाल्याच्या बाटल्या. मग बाबांचं खाकरणं, आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायच्या आधी दाराच्या दोन्ही कड्या लावून घ्यायची त्यांची रोजची सूचना. हॉलमधल्या रॉकेलच्या हीटरमध्ये टाकीतून रॉकेल उतरताना होणारा गुडगुड आवाज. आणि लेटरबॉक्सची झडप. पितळेची, घट्ट स्प्रिंगची. पोस्टमन ती सोडायचा तेव्हा खटकन वाजायची आणि स्वयंपाकघरात आईचा हात लाटण्यावर थांबायचा. मग कागद जमिनीवर पडल्याचा आवाज आला की पोळी पुढे लाटली जायची. मी एकोणीस वर्षांचा होतो, पॉलिटेक्निकमध्ये ड्राफ्ट्समनचं शिकत होतो, आणि माझाही श्वास तेवढाच वेळ थांबायचा. आईचं निदान दिसायचं. मी माझं लपवत असे. आज सत्तरीत बसून हे लिहिताना वाटतं, पुढचं सगळं त्या लपवण्यातूनच आलं.

वरची माळ्याची खोली भाड्याने द्यायचं बाबांनी ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेत कार्ड लावलं. ते वाचून एका ऑक्टोबरच्या सकाळी सेत्सुको मिनोबे आली. तिशीच्या आतबाहेरची, लहान चणीची जपानी बाई, अंगावर पुरुषी ओव्हरकोट, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. बरोबर दोन ट्रंका. टॅक्सीवाला त्या फुटपाथवर ठेवून निघून गेला. बाबा कामावर होते. मी एक ट्रंक उचलायला गेलो आणि ती हललीसुद्धा नाही. त्यात कागद होते, आणि कागद किती जड असतो ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बॅरी आला. बॅरी तीन दारं सोडून आईबरोबर राहायचा. पंचविशीचा असेल. सहा फूट उंची, भादरलेलं डोकं, पोटऱ्यांपर्यंतचे काळे बूट, जाड तळव्यांचे. तसलेच बूट घालणाऱ्या पोरांनी मला एकदा बसस्टॉपवर भिंतीशी दाबून धरलं होतं. ती पोरं वेगळी होती, बॅरी त्यांच्यात नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला माणूस दिसायचाच नाही, बूट दिसायचे. तो काही न बोलता एक ट्रंक खांद्यावर टाकून माळ्यावर ठेवून आला, मग दुसरी. खाली आल्यावर आईला म्हणाला, "जिना लई अरुंद आहे हो मिसेस जोशी. म्हातारपणी सांभाळा." आईने त्याला चहा विचारला नाही. दार लागल्यावर मला म्हणाली, "घर बघून गेला रे सगळं."

सेत्सुको चित्रकथा काढणारी होती. जपानात तिला म्हणे लहान मुलंही ओळखत. आम्हाला ते खरं वाटेना, कारण लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर माणसं प्रसिद्ध होतात हे आमच्या घराला माहीतच नव्हतं. पण विमानाने तिच्या नावावर जाडजूड पाकिटं यायची, आणि त्यांत टेलिफोन डिरेक्टरीएवढं मासिक असायचं, पुस्तकाच्या उलट्या बाजूने उघडणारं. त्याच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र असायचं. बाबांनी ते चष्मा लावून बघितलं आणि तेव्हापासून तिला "मिस मिनोबे" म्हणताना किंचित उभे राहू लागले.

आईचं आणि तिचं सूत जेवणावरून जमलं. तिला मऊ भात लागायचा. आईने त्यावर तूप-मेतकूट घालून दिलं, तिने डोळे मिटून खाल्लं. आमटी ती वाटी तोंडाला लावून पिऊन टाकायची आणि वर आवाजही करायची. आई खूश. "हिला शिकवावं लागलं नाही बघ," आई बाबांना म्हणाली, "तुम्ही इथं येऊन चमच्याने आमटी खायला लागलात." तिने आणलेलं खारवलेलं आंबट फळ आईने चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली खारातली कैरी!" एक मराठी बोलायची, दुसरी जपानी मिसळलेलं तुटकं इंग्रजी. आई तिला सेत्सुबाई म्हणायची. मला मात्र ती, आपल्याला सेन्सेई म्हण, असं सांगायची. तिच्या धंद्यात मदतनीस तसंच म्हणतात.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"गुरुजी," मी म्हणालो.

"मग मास्तरीणबाई म्हण की सरळ."

मी तिचा मदतनीस झालो तो माझ्या पट्टीमुळे. तिची नवी मालिका आमच्याच गल्लीसारख्या गल्लीत घडत होती. एक जपानी मुलगी बापाच्या शोधात गिरण्यांच्या गावात येते, अशी काहीशी गोष्ट. तिला विटांच्या भिंती हव्या होत्या, धुराडी, एकाला एक चिकटलेली घरं, खिडक्यांच्या रांगा. माणसं ती काढायची, विटा मी. शिवाय काळं भरायचं काम माझं. पानावर जिथे काळं हवं तिथे ती पेन्सिलीने बारीक फुली मारायची. केसांवर फुली, सावलीवर फुली, रात्रीच्या आकाशावर फुली. "फुली, काळं," ती बोट ठेवून सांगायची. "फुली नाही, पांढरं. पांढरंसुद्धा मीच काढलंय, शशी-सान. तिथे हात नाही." मग वाळल्यावर रबराने पेन्सिल खोडायची, तीही अशी की शाईचा केस हलता कामा नये.

काम करताना ती बोलायची. उत्तरेकडच्या एका कोळ्यांच्या गावात जन्मली. बाप समुद्रात गेला तो आला नाही. आई मासळी खारवायची. गावात भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं, तिथल्या चित्रकथा ती माशांच्या आवेष्टनाच्या कागदावर उतरवून काढायची. पंधराव्या वर्षी सोळा पानं तोक्योला पाठवली, ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. सतराव्या वर्षी छापली. विशीत दर आठवड्याला मालिका. चार मुली मदतनीस, त्या टेबलाखाली आळीपाळीने झोपायच्या. पानं उशिरा होतायत असं दिसलं की संपादक तिला एका सरायीत नेऊन खोलीत बसवायचा आणि स्वतः दाराबाहेर वर्तमानपत्र वाचत बसायचा. मासिकात एक पोस्टकार्ड असायचं. वाचक त्यावर आवडत्या मालिकांची नावं लिहून पाठवायचे. खाली घसरलेली मालिका बंद. ती कधी तिसऱ्याच्या खाली गेली नव्हती, आणि म्हणूनच, ती म्हणाली, तिला झोप येत नसे. "वर असलेल्या माणसाला पडायला जास्त जागा असते." शेवटी मनगट सुजलं, डॉक्टर ओरडला, आणि संपादकाने तिला वर्षभर इंग्लंडमधून महिन्याला एक भाग पाठवायची मुभा दिली. इथे येऊन ती पहिल्यांदा आठ तास झोपली. आमचं ते घर, ज्यात आम्ही कड्या तपासून झोपायचो, तिथे तिला निर्धास्त वाटायचं.

तिच्या मालिकेत एक बूटवाला होता. उंच, टकल्या, चेहरा जवळजवळ कधीच न दिसणारा. तो त्या मुलीच्या मागे पुलाखाली उभा असायचा, दाराच्या चौकटीत असायचा, धुक्यात असायचा. बुटांवर फुली असायची आणि ते मीच भरायचो, महिन्याला तीस-चाळीस बूट. मला जपानी वाचता येत नव्हतं. तो कोण आहे हे विचारायची मला गरज वाटली नाही. भरता भरता माझ्या मानेवर काटा यायचा आणि मला वाटायचं, बाईने बरोबर ओळखलंय याला.

जानेवारीत, नवा भाग शाईने काढायला घेतानाच, तिची शाई संपली. तिची चित्रकलेची काळी शाई वाळली की पाणी पडलं तरी हलायची नाही. तशी शाई गावात एकाच दुकानात मिळायची. एका शुक्रवारी तिने मला ती आणायला पाठवलं. मी बसने निघालो, पण मधल्या चौकात झेंडे घेतलेल्या लोकांचा जमाव दिसला. माझ्याच वयाची पोरं होती, आणि तसलेच बूट. मी पुढच्या स्टॉपला उतरून मागे फिरलो. पेपरवाल्याकडून फाउंटन पेनची साधी काळी शाई घेतली, मागच्या अंगणात उभं राहून तिच्या रिकाम्या बाटलीत ओतली आणि नेऊन दिली. घाबरलो असं एका बाईला सांगायचं नव्हतं, एवढंच. तिने टाक बुडवला, एक रेघ ओढली, म्हणाली, "जरा पातळ." मी म्हणालो, "थंडीने असेल." थंडीने शाई पातळ होत नाही, दाट होते. पण तिला पानं पुरी करायची होती.

माळ्यावर ओल असायची, तिथे काही वाळत नसे. म्हणून पुरी झालेली पानं आम्ही हॉलमध्ये दोरीवर चिमट्यांनी टांगायचो, हीटरपासून जरा लांब. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकतीस पानं टांगलेली होती. महिन्याचा अख्खा भाग. सोमवारी ती टपालात पडली तरच मासिकाला वेळेवर पोचणार होती. सेत्सुको दोन रात्री जागून दुपारी वर जाऊन पडली होती. भाग संपल्यावर ती मेल्यासारखी झोपायची. आईबाबा भाजीला गेले होते. चार वाजले असतील. उजेड विझत आला होता, अजून दिवा लावला नव्हता. मी हॉलमध्ये खुर्ची टाकून एकतिसाव्या पानावरची शेवटची फुली भरली होती आणि ते पानही नुकतंच टांगलं होतं. आठवड्यापूर्वी एका बंगाली माणसाच्या दुकानात चिंधी टाकल्याची बातमी आली होती. मी दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होतो.

दाराच्या खालच्या अर्ध्या भागात जाड, खडबडीत काच होती. तिच्यात दोन काळे आकार आले आणि थांबले. बूट. बेल वाजली नाही. मग पितळेची झडप आत उचलली गेली, नेहमीसारखी खटकन नाही, सावकाश. फटीतून बोटं आली आणि बोटांत काहीतरी पांढरं, दुमडलेलं.

मला त्यानंतरचे दोन-तीन क्षण आठवत नाहीत असं मी अनेकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. मला सगळं आठवतं. बादलीची कडी किती गार होती तेही आठवतं. मी बादली उचलली आणि सगळं पाणी त्या फटीच्या दिशेने फेकलं. पण भिणाऱ्या माणसाचा हात सरळ जात नाही. थोडं पाणी दारावर गेलं, बरंचसं हीटरवर, आणि उरलेलं दोरीवरच्या पानांवर. हीटर फुत्कारला, वाफेचा आणि काळ्या धुराचा लोट उठला, काजळी छतापर्यंत गेली. बाहेर कोणीतरी "ओ!" म्हणालं आणि बूट काचेतून मागे सरकले. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. धूर जरा खाली बसला तेव्हा पायपुसण्यावर एक भिजलेलं पाकीट दिसलं. निळ्या-लाल काठाचं, विमानाचं. वरचं तिकीट जपानी. पत्ता आमचा, पण घराच्या आकड्यातला सात पोस्टमनने एक वाचावा असा काढलेला. बॅरीच्या घरचा आकडा.

आणि दोरीवर एकतीस पानांवरून शाई ओघळत होती. केस ओघळत होते, आकाश ओघळत होतं, बूट ओघळून पायाखालच्या विटांत मिसळत होते.

वरून पावलं वाजली. सेत्सुको जिन्यात आली, अनवाणी. त्या वेळी माझ्या हातात ते पाकीट होतं. मी ते शर्टाच्या आत घातलं. विचार करून नाही, जसं पडणारा माणूस हात पुढे करतो तसं. ती धुराकडे बघत होती, मग दोरीकडे. मी म्हणालो, "त्यांनी पेटवून टाकलं. दारातून. मी पाणी टाकलं." ती पायऱ्या उतरून आली. एका पानाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. तिने शाईचा वास घेतला हे मी पाहिलं. मग माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारला.

"तू पाहिलंस? कोण?"

"नाही. फक्त बूट."

"बूट," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं ती भ्याली. "आपल्या गल्लीतले बूट?"

"हो," मी म्हणालो.

पोलीस आले, चहा प्याले, काजळी पाहिली, माझं म्हणणं लिहून घेतलं. बॅरीला नेलं. त्याने सांगितलं की त्याच्याकडे चुकून आलेलं आमचं पत्र टाकायला तो आला होता, बेल बंद होती, आतून पाणी आलं. संध्याकाळी एक हवालदार पुन्हा आला आणि मला विचारलं, "काही पत्र मिळालं का?" पत्र तेव्हा माझ्या ड्रॉइंग बोर्डच्या मागे चिकटवलेलं होतं, ओलंच. माझ्यामागे आई उभी होती, बाबा उभे होते, जिन्यात सेत्सुको बसली होती. मी म्हणालो, "कुठलं पत्र?" बेल खरंच बंद होती. बाबांनीच तार काढून ठेवली होती, रात्री कोणी वाजवून पळू नये म्हणून.

दोन दिवसांनी पुरावा नाही म्हणून बॅरीला सोडलं. तोवर गल्लीला पुरावा नको होता. तो हॉस्पिटलमध्ये पोर्टर म्हणून नवीनच लागला होता, बाबांच्याच इमारतीत. बाबांनी कॅंटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. त्याच्या टेबलावर कोणी बसेना, मग तो जायचाच बंद झाला. आपल्या मंडळींनी चर्चच्या हॉलमध्ये माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं भाषण: "आमच्या तरुण पिढीने आता घाबरायचं सोडलं आहे." आईने त्या दिवशी शिरा केला. ती शाल अजून माझ्याकडे आहे, एकदाही अंगावर घेतलेली नाही.

सेत्सुकोला एकतीस पानं पुन्हा काढणं शक्य नव्हतं, मनगट लाकडासारखं झालं होतं. तोक्योला फोन झाला. तिकडून ताबडतोब परत या असा निरोप आला. चौथ्या दिवशी ती गेली. ट्रंका बाबांनी आणि मी कशाबशा उतरवल्या. आईने डब्यात मेतकूट बांधून दिलं. मला तिने तिचा एक टाक दिला आणि म्हणाली, "शशी-सान, तू घर वाचवलंस. चित्रं पुन्हा होतील." शाईबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हाही नाही, नंतर कधीही नाही. मी तो वास घेण्याचा क्षण आयुष्यभर तपासत आलो आहे. ती मालिका तिने पुढे काढली नाही.

ईस्टरच्या सुमारास बॅरी आणि त्याची आई घर सोडून गेले. जायच्या आदल्या दिवशी तो मला कोपऱ्यावर भेटला. मी रस्ता ओलांडू लागलो तर तोही थांबला, पुढे आला नाही.

"पत्र होतं ते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमच्या त्या बाईचं. तुला ठाऊक आहे."

मी फुटपाथच्या कडेकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला, "आईला सांग, जिना सांभाळ म्हणावं," आणि गेला. त्यात टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही. मला एवढंच आठवतं की तो दिसेनासा होईपर्यंत मी रस्ता ओलांडला नाही, आणि ते बुटांमुळे नव्हतं.

पुढे मी शिकलो, नोकरीसाठी ब्रॅकनेलला आलो, लग्न झालं, मुलगा झाला, केस गेले. सेत्सुकोची नववर्षाची कार्डं काही वर्षं आली, मग थांबली. तिची बातमी मला थेट समजली ती माझ्या नातीमुळे. अन्वी चौदा वर्षांची असताना जपानी चित्रकथांची वेडी झाली आणि एका दिवाळीला तिने सोफ्यावर एक जाड पुस्तक टाकलं. इंग्रजीत भाषांतर झालेलं. मुखपृष्ठावर खडबडीत काच आणि काचेत दोन काळे बूट.

"आजोबा, हा बघू नका हं. भीती वाटेल. माझी फ्रेंड तर रडला."

"रडली," माझी सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"रडली. व्हॉटेव्हर."

लेखिका: सेत्सुको मिनोबे. परत गेल्यावर तिने भीतीच्या गोष्टी काढायला सुरुवात केली होती. त्यातली ही मालिका वर्षानुवर्षं चालली, तिच्यावर सिनेमे निघाले, तिला बक्षिसं मिळाली. त्यात एक माणूस आहे, ज्याचा चेहरा कधी दिसत नाही. तो ज्या दारापुढे उभा राहतो त्या घरातलं कोणीतरी जातं. मी बाथरूममध्ये जाऊन ते पुस्तक वाचलं, कडी लावून. हॉल आमचा होता. हीटर आमचा, दोरी आमची, चिमटेसुद्धा. विटा तिने स्वतः काढल्या होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या. शेवटच्या पानावर तिचं छोटं टिपण होतं: इंग्लंडमध्ये मी ज्या घरात राहत होते तिथे एकदा हल्ला झाला. तो माणूस मी पाहिला नाही. त्याच्या बुटांबद्दल मला फक्त सांगण्यात आलं. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल विचार करणं थांबवू शकलेले नाही.

ती दोन वर्षांपूर्वी वारली. गेल्या हिवाळ्यात तिच्या प्रकाशकांचं नम्र पत्र आलं. तिचं चरित्र तयार होत आहे, लीड्समधल्या हल्ल्याचे हयात साक्षीदार तुम्ही एकटेच, तर तपशील पडताळून द्यावेत. सोबत मसुदा होता. त्यात हल्लेखोर म्हणून बॅरीचं पूर्ण नाव होतं. कोणीतरी जुनं वर्तमानपत्र शोधून काढलं होतं. तो जिवंत असेल तर पंचाहत्तरीचा असेल. त्याला मुलं असतील, नातवंडं असतील, आणि त्यातलं एखादं माझ्या नातीसारखं ते पुस्तक उशाशी घेऊन झोपत असेल.

मी ते पत्र ड्रॉवरमध्ये तीन आठवडे ठेवलं. रोज सकाळी लेटरबॉक्स वाजला की वाटायचं, त्यांचं स्मरणपत्र आलं. माझ्या या घराचं दार प्लास्टिकचं आहे, झडपेचा आवाज मऊ येतो, तरी छातीत तेच व्हायचं. मग अन्वी आली. ती आता लीड्सलाच युनिव्हर्सिटीत आहे, जपानी शिकते. मी तिला चहा करून दिला आणि माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढून आणला. मागच्या बाजूचा कागद सुरीने सोडवला. पाकीट तपकिरी पडलं होतं, पण आतलं पत्र बॉलपेनने लिहिलेलं, म्हणून बरंचसं टिकलं होतं. पन्नास वर्षं मी ते उघडलं नव्हतं.

"हा लेटर कोणी लिहिला, आजोबा?"

"तिच्या संपादकाने, बहुतेक. वाच तू."

तिला वेळ लागला. फोनवर अक्षरं शोधत, ओठ हलवत ती वाचत होती. मी समोर बसून तिच्या कपाळाकडे बघत होतो. भीती सगळी तीच होती, हॉलमधली. फक्त आता फेकायला पाणी नव्हतं.

"ओके," ती म्हणाली. "फार काही सीरियस नाही. तब्येत कशी आहे, मनगट कसं आहे. मग म्हणतो की पोस्टकार्डं आलीत खूप, आणि सगळ्यांना तो बूट घातलेला माणूस आवडलाय. मुलीला गुपचूप सांभाळतो तो. वाचक त्याचं नाव विचारतायत." ती थांबली, पुढची ओळ दोनदा वाचली. "'तुम्ही लिहिलंत की तुमच्या रस्त्यावर असा एक माणूस खरंच आहे, ज्याने पहिल्या दिवशी तुमच्या ट्रंका उचलल्या. वाचून बरं वाटलं. परक्या देशात तुम्ही एकट्या नाही. पुढच्या भागात त्याचा चेहरा दाखवा.'"

त्या एकतिसाव्या पानावर मी शेवटची फुली भरली ती बुटांवरची नव्हती. ती एका खिडकीवरची होती. त्या खिडकीखाली उभा असलेला माणूस या वेळी समोर वळला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुठेही फुली नव्हती. मी बघितलं होतं ते. बघून पुढच्या विटेकडे गेलो होतो. तो हसत होता.

अन्वीने पत्र टेबलावर ठेवलं. पाकिटाच्या कोपऱ्यावरचा पाण्याचा डाग ती बोटाने चाचपत होती.

"पण हे तर तोच आहे ना, बूटवाला? तो तर मारतो सगळ्यांना. मग हा चांगला कसा?" मग माझ्याकडे बघून, हळू: "आजोबा, तो खरा होता?"

"होता," मी म्हणालो. "त्याचं नाव बॅरी. हेच पत्र द्यायला आला होता तो."

हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. मी तिला बादलीपासून सांगायला सुरुवात केली. तिने मध्येच फोन उलटा करून ठेवला. तेच मी आता इथे लिहून काढलं आहे, आणि पत्राच्या छायाप्रतीसोबत प्रकाशकांना पाठवत आहे. मसुद्यातलं हल्ल्याचं ते पान त्यांनी काढून टाकावं, बॅरीचं नाव मात्र ठेवावं, ट्रंका उचलणारा आणि हे पत्र आणून देणारा म्हणून.